परवा म्हणजे कधी?

गुरुदास मास्तरांच्या शर्टाच्या खिशाला कायम तांबडा डाग असायचा. शर्ट नवा असो की जुना, डाग ठरलेला. लाल पेन्सिल टोक खाली करून खिशात खुपसायची त्यांची खोड शेवटपर्यंत गेली नाही. पोरं पाठीमागे त्यांना ‘तांबडी पेन्सिल’ म्हणायची. मास्तरांना ते ठाऊक होतं, पण ते कधी रागावले नाहीत, कारण मनातून त्यांना ते नाव आवडायचं. चूक मास्तरानं दाखवायची नाही तर कोणी दाखवायची, असा त्यांचा सरळ हिशेब.

माणूस मूळचा पेडण्याकडचा, पार्से गावचा. गोवा मुक्त झाला, गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि मॅट्रिक झालेला पोरगा दिसला की त्याला धरून खुर्चीवर बसवायचे असे ते दिवस. चौसष्ट साली, विसाव्या वर्षी, मास्तरांची नेमणूक डिचोली तालुक्यात नार्व्याजवळच्या एका नदीकाठच्या वाड्यावर झाली. वर्षभरात बदली मागून घेईन म्हणत आले आणि कायमचे राहिले. शाळा दोन खोल्यांची, समोर शेतं, शेतांपलीकडे नदी. नदीतून खनिजानं भरलेली बार्ज जायला लागली की पोरांच्या माना खिडकीकडे वळायच्या. मग मास्तर ओरडायचे, “बार्ज काय आज पहिल्यांदा बघितलीत? भागाकाराकडे बघा!”

घरी मास्तर आपली रोजची बोली बोलायचे, अर्धी कोंकणी, अर्धी मालवणी, जशी तोंडात येईल तशी. शाळेच्या पायरीवर चपला काढायचे आणि चपलांबरोबर ती बोलीही तिथंच ठेवायचे. आत फक्त शुद्ध मराठी. पोरांनीही तसंच करायचं असा नियम. सत्त्याऐंशीच्या आधीची दोन वर्षं भाषेवरून सगळा गोवा तापला होता, तेव्हा मास्तर मराठीच्या बाजूनं पणजीच्या मोर्चाला दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला घोषणा देऊन घसा असा बसला की आठवडाभर फळ्यावर लिहून शिकवावं लागलं. पोरांची चंगळ झाली.

आणखी एक खोड होती. मास्तरांना कागद टाकवत नसे. तपासलेले पेपर तीन वर्षांनी टाकायला हरकत नव्हती, पण मास्तर ते गठ्ठा बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. एक बाजू कोरी आहे, कधीतरी उपयोगी पडेल, म्हणायचे. बायको देवकी म्हणायची, ही ट्रंक तुमच्या सरणावर ठेवूया. मास्तर हसायचे. ट्रंक मात्र भरत राहिली.

तर ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, दिवाळी झाल्यानंतरची. सहामाहीचा निकाल नुकताच लागला होता. शाळा सुटायच्या वेळेला गंगा पायरीशी येऊन उभी राहिली. एकोणीस वर्षांची मुलगी, पिंढऱ्यांपर्यंत चिखल, शेतातून तशीच आलेली. आठ वर्षांपूर्वी ती याच शाळेत होती. चौथीला गणितात दोन गुणांनी नापास झाली आणि तिच्या बापानं, बाबाजीनं, तिला घरी बसवलं. बाबाजी बार्जवर कामाला. तोंडानं कमी, हातानं जास्त बोलणारा. आता गंगेची धाकटी बहीण गौरवी चौथीत होती आणि सहामाहीला तिला गणितात शंभरापैकी एकतीस पडले होते. पास व्हायला पस्तीस लागत.

“मास्तर,” गंगा म्हणाली, “बाबा सांगता, वार्षिकेक नापास जाली तर हिका घरा बसयतलों. म्हाका बसयली तशी.”

“मग अभ्यास करून घे तिच्याकडून. मला येऊन सांगून काय होणार?”

“तिका येता सगळें. घरा विचारलें की सांगता. पेपरान कशें चुकता तें तुमी पळयात मरे.”

“म्हणजे पेपर खोटं बोलतो?” मास्तरांचा आवाज चढला. “येतं तर लिहायचं. लिहिलं नाही म्हणजे येत नाही.”

गंगा गौरवीचा हात धरून चालायला लागली. चार पावलं गेल्यावर मागे न वळताच म्हणाली, “म्हाकाय येतालें.”

मलाही येत होतं. मास्तरांनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं करून दाराला कुलूप घातलं.

शाळेत दुसऱ्या शिक्षिका होत्या विनोदिनी बाई. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी मास्तरांकडे. बाई वयानं निम्म्या, नोकरीला चार वर्षं झालेली, आणि मास्तरांना तोंडावर बोलायची हिंमत असलेलं शाळेतलं एकमेव माणूस. त्या नुकत्याच आठ दिवसांचं शिक्षकांचं प्रशिक्षण करून आल्या होत्या. येताना एक मोठा आखलेला कागद घेऊन आल्या. उभ्या ओळीत पोरांची नावं, आडव्या ओळीत प्रश्नांचे आकडे.

“हे काय, हजेरीपट?” मास्तरांनी विचारलं.

“उत्तरांचा तक्ता. एकेका पोराचं एकेक उत्तर या चौकटीत भरायचं.”

“निकालपत्रक केलंय मी. टक्केवारी काढलीय. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत पाठवूनसुद्धा झालं.”

“ते कचेरीसाठी मास्तर. हे आपल्यासाठी. आणि एक सांगते, चुकलेल्या ठिकाणी फुली नाही मारायची. पोरानं काय लिहिलंय ते लिहायचं.”

“चुकीचं उत्तर उतरवून ठेवायचं? म्हणजे चुकांची आरती करायची म्हणा ना!”

“आरती नको. नुसतं लिहा तरी,” बाई म्हणाल्या आणि कागद टेबलावर ठेवून आपल्या वर्गात गेल्या.

मास्तरांनी दोन दिवस त्या कागदावर डबा ठेवला. पण गंगेचं ते जाता जाता म्हटलेलं वाक्य डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी, पोरं कवायतीला मैदानात गेलेली असताना, त्यांनी सहामाहीचे गणिताचे एकवीस पेपर काढले आणि बाईंना कळणार नाही अशा बेतानं तक्ता भरायला बसले. बाईंना अर्थातच कळलं.

पहिला धक्का अकराव्या प्रश्नाला बसला. भागाकार, उत्तरात मध्ये शून्य येणारा. एकवीसपैकी अठरा पोरांनी शून्य खाल्लं होतं. एकशे सात यायचे तिथं सतरा. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढी पोरं एकदम ढ कशी झाली? मग त्यांनी मागची टाचणवही उघडली. ऑगस्टमध्ये ज्या आठवड्यात हा भाग शिकवायचा होता त्या आठवड्यात मास्तर मतदारयादीच्या कामाला गेले होते. परत आल्यावर घाईत पुढचा धडा घेतला. शून्य पोरांनी खाल्लं नव्हतं, मास्तरांनी शिकवलंच नव्हतं. बरं, हे ठीक, मास्तर स्वतःशी म्हणाले, हे आठ दिवसांत भरून काढता येईल.

चौथा प्रश्न होता, ‘पाव डझन म्हणजे किती?’ चौदा पोरांनी लिहिलं होतं, बारा. आता मात्र मास्तर चिडले. पाव किलो साखर आणायला यांना आया रोज पिटाळतात आणि पाव डझन कळत नाही? त्यांनी दारातून हाक मारून पहिल्या दिसलेल्या पोराला आत बोलावलं. तो होता साईश, वर्गातला हुशार. त्यानंही बाराच लिहिलं होतं.

“काय रे, पाव डझन म्हणजे बारा?”

“हय मास्तर. पाव एक डझन म्हटलें की पोदेर बारा दिता.”

पोदेर म्हणजे सायकलवर टोपली बांधून रोज सकाळी भोंगा वाजवत येणारा पाववाला. मास्तर आधी ओरडायला गेले, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की मैदानातली कवायत थांबली. आंबे म्हटलं असतं, केळी म्हटलं असतं, तर गोष्ट वेगळी. नुसतंच पाव डझन. त्या वाड्यावर सकाळी सातला ते दोन शब्द एकामागोमाग ऐकू आले की त्याचा एकच अर्थ, आणि तो पोदेराच्या टोपलीत. साईश बिचारा मास्तर का हसतायत ते न कळून तोही हसायला लागला.

सातव्या प्रश्नाला हसू आटलं.

प्रश्न साधा होता. ‘आज बुधवार आहे. परवा कोणता वार होता?’ उत्तर सोमवार. मास्तर रकाना भरत गेले. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार. एकवीसपैकी सतरा वेळा शुक्रवार. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. चुका पोरांनी आळसानं केल्या असत्या तर कोणी रविवार लिहिला असता, कोणी मंगळवार. इथं सगळी पोरं ओळीनं एकाच दारातून चुकीच्या खोलीत शिरली होती. आणि बरोबर उत्तर कोणाचं? चंदगडकडून खाणीवर आलेल्या ड्रायव्हरच्या दोन मुलांचं, एक कोल्हापूरकडच्या पोस्टमास्तरांच्या मुलाचं, आणि त्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या पोराचं, ज्यानं त्याचं बघून लिहिलं होतं. ड्रायव्हरचा थोरला तर बाकीच्या पेपरात सपशेल आपटलेला. हुशार पोरं चुकली आणि तो तेवढा बरोबर आला, हे काय गौडबंगाल?

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गौरवीला उभं केलं. आवाज शक्य तेवढा मऊ केला, तरी पोरगी बाकाआड सरली.

“घाबरू नको. मी मारणार नाही. आज बुधवार, तर शुक्रवार कसा काढलास ते मला सांग.”

गौरवी बोटं मोजू लागली. शाळेची भाषा घाबरून पळाली आणि घरची आली. “आज बुधवार. फाल्यां बिरेस्तार. परवां शुक्रार.”

“पण ‘होता’ म्हटलंय ना प्रश्नात? होता म्हणजे होऊन गेला.”

गौरवी हळूच म्हणाली, “येता, वता, खाता... तशें होता. परवां जो येता तो.”

घरी पोर म्हणते बाबा येता, म्हणजे बाबा येतो. आई खाता, म्हणजे खाते. त्याच चालीवर तिनं ‘होता’ला पुढं ढकललं होतं. चालीत कुठंच चूक नव्हती.

“बरं. मग मंगळवारच्या आधी जो होऊन गेला, त्या दिवसाला तू काय म्हणतेस?”

उत्तर गौरवीनं दिलं नाही. सगळ्या वर्गानं दिलं, एका सुरात, “पयर!”

पयर! मास्तरांना कोणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. त्याच सकाळी त्यांनी देवकीला विचारलं होतं, पयरचें लोणचें खंय दवरलां, म्हणजे कुठं ठेवलं? मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही जातो. इथं परवां फक्त पुढं जातो, मागं जातो तो पयर. हे मास्तरांना जन्मापासून ठाऊक होतं. घरी बरोबर ठाऊक, शाळेत बरोबर विसरलेलं. चपलांबरोबर पायरीवर ठेवून आलेलं. आणि चोवीस वर्षं ते पोरांच्या पेपरावर त्याच शब्दासाठी लाल फुली मारत आले होते. इतकी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

त्या दिवशी मास्तरांनी फळ्यावर उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘घर’, उजवीकडे ‘शाळा’. पोरांनी शब्द सांगायचे, मास्तरांनी समोरासमोर मांडायचे. पयर, परवा. आशिल्लो, होता. जाता, होतो. बिरेस्तार, गुरुवार. जी पोरं एरवी तोंड उघडत नव्हती ती बाकावर उभी राहून ओरडायला लागली. तासाभरात फळा भरला.

आणि नेमका त्याच वेळी महादेव दारात आला. महादेव गावातला मोठा कार्यकर्ता, मोर्चाला मास्तरांच्या शेजारी चाललेला, मराठीसाठी जीव टाकणारा माणूस. त्यानं फळा वाचला आणि त्याचं डोकं फिरलं.

“मास्तर! हें कितें बरयलां? मराठी शाळेच्या फळ्यार कोंकणी? आमी कित्याक घसो फोडलो मागीर?”

“बस महादेव. एक विचारतो. तू चार दिवस दिसला नाहीस. पयर खंय गेल्लो?”

“पयर? पयर हांव वाळपय गेल्लों, बाजाराक,” महादेव सरळ बोलून गेला.

आख्खा वर्ग खिदळला. महादेवला का ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले.

“तुझ्या तोंडात चालतो तो शब्द फळ्यावर आला तर बाटवतो होय रे?” मास्तर म्हणाले. पण टोमणा मारून थांबले नाहीत. त्यांनी तक्ता आणून महादेवपुढे धरला. “हे बघ. सतरा शुक्रवार. ही पोरं मराठीत नापास होत नाहीयेत, आपण न सांगितलेल्या एका गोष्टीत नापास होतायत. मला मराठी शिकवायची आहे म्हणूनच हे लिहिलंय. हिथून तिथं कसं जायचं ते नको दाखवायला?”

महादेवनं तक्ता दोनदा बघितला. त्याचा पुतण्या त्या सतरांत होता. “तरी पण गावांत लोक उलयतले,” तो पुटपुटला. लोक बोलतील. बोललेही. महिनाभर मास्तरांना काही जण बाजारात ओळख देईनात. मास्तरांनी फळा पुसला नाही.

महादेव गेला, पोरं घरी गेली, आणि मास्तरांना गंगेचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. म्हाकाय येतालें. वार बदलून तोच प्रश्न ते दरसाल घालत आले होते. आळस दुसरं काय.

रविवारी देवकीला काही न सांगता त्यांनी ट्रंक उघडली. ऐंशी सालचा गठ्ठा बरेच गठ्ठे उपसल्यावर निघाला. गंगेचा पेपर पिवळा पडला होता. वर लाल अक्षरात तेहतीस, खाली रेघ, नापास. प्रश्न तिसरा, दोन गुणांचा, ‘आज सोमवार आहे. परवा कोणता वार होता?’ गंगेच्या गोल अक्षरात उत्तर, बुधवार. त्यावर त्यांच्याच हाताची फुली, एवढी जोरात मारलेली की कागद फाटला होता. दोन गुण. तेहतीस आणि दोन पस्तीस. मास्तर ट्रंकेशेजारी जमिनीवर बसले. देवकी चहा घेऊन आली तेव्हा ते रडत होते. तिनं कागद बघितला, कप बाजूला ठेवला आणि जवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मास्तर शेताच्या बांधावरून गंगेकडे गेले. ती मिरचीच्या वाफ्यांना पाणी लावत होती. मास्तरांना बांधावर बघून ती घाबरलीच, गौरवीचं काही झालं की काय म्हणून.

मास्तरांनी पेपर पुढं केला. “गंगा, हा तुझा. ऐंशी सालचा. तिसरा प्रश्न बघ. तू घरच्या परवांचं उत्तर लिहिलंस, ते बरोबर होतं. मी शाळेचा परवा कधी शिकवलाच नव्हता. तू नापास नव्हतीस. चूक माझी.”

गंगेनं हात परकराला पुसले. कागद घेतला. अक्षरं लागायला तिला वेळ लागला, आठ वर्षांत वाचायला होतं काय तिच्याकडे? मग ती म्हणाली, “म्हणजे म्हजें बरोबर आशिल्लें.”

“हो.”

“आनी बाबान म्हाका मारलें तें?”

मास्तर तिथंच बांधावर मान खाली घालून उभे राहिले. पाटातलं पाणी वाफा भरून वाहायला लागलं तेव्हा गंगाच वाकली आणि दुसऱ्या वाफ्याचं तोंड उघडलं.

“आतां कितें जाता?” तिनं विचारलं. आता काय होणार?

“ते बघतो,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिला. ‘सन १९८० च्या निकालात माझ्या हातून चूक झाली असून सदर विद्यार्थिनीस उत्तीर्ण करावे.’ सोबत पेपर जोडला, तक्ताही जोडला. साहेबांनी दोन्ही वाचले आणि चष्मा काढला. म्हणाले, “मास्तर, चोवीस वर्षांची चांगली नोकरी आहे तुमची. स्वतःच्या हातानं हे कागदावर कशाला आणता? आणि आठ वर्षांपूर्वीचा निकाल आता बदलता येणार नाही.” मास्तर हलले नाहीत. उठा म्हटलं तरी उठले नाहीत. शेवटी साहेबांनीच वाट काढली. मुलीची तयारी असेल तर वार्षिक परीक्षेला बाहेरची विद्यार्थिनी म्हणून बसू दे. अर्ज मात्र त्यांनी परत दिला नाही, फाईलला लावला, आणि तक्त्याची नक्कल दुसऱ्या शाळांना दाखवायला ठेवून घेतली.

बाबाजीला सांगायला मास्तर स्वतः गेले. बाबाजीनं सगळं ऐकून घेतलं. पेपर हातात घेतला, उलटा धरला, त्याला वाचता कुठं येत होतं! मग कागद गंगेकडे दिला आणि इतकंच म्हणाला, “बसूं दी.” तिच्याकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

त्या हिवाळ्यात गंगा संध्याकाळी पाच वाजता शाळेत यायची. गौरवी थांबायची. मास्तर शिकवायचे, विनोदिनी बाई तक्ता भरायच्या. दर पंधरा दिवसांनी दहा प्रश्नांची छोटी चाचणी, गुण नाहीत, नुसती उत्तरं तक्त्यात. ज्या रकान्यात गर्दी तो भाग सोमवारी पुन्हा. भागाकारातलं शून्य जानेवारीत जागेवर आलं. पाव डझनाचं उत्तर तीन येऊ लागलं, फक्त साईश अजून मुद्दाम बारा लिहून मास्तरांना छेडायचा. लाल पेन्सिल खिशात होती, पण फुल्या कमी झाल्या होत्या. फुलीऐवजी मास्तर आता समासात एकच शब्द लिहायचे, ‘कसं?’ आणि पोराला बोलावून विचारायचे.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. दोघी बहिणी पास झाल्या, गौरवी अठ्ठावन्न आणि गंगा एकसष्ट, हे सांगून टाकतो म्हणजे जीव टांगणीला नको. पण सांगायचं आहे ते गणिताच्या पेपराच्या दिवसाचं.

गंगा शेवटच्या बाकावर बसली होती, गुडघे बाकात मावत नव्हते. बाबाजी त्या दिवशी कामावर गेला नव्हता. शाळेसमोरच्या काजूच्या झाडाखाली पाठमोरा बसला होता, जणू सावलीसाठीच आला होता. पेपर कचेरीतून छापून आलेला, मास्तरांनी काढलेला नव्हे. परीक्षेत मास्तरांचा नियम पक्का होता. प्रश्नाचा अर्थ सांगायचा नाही, खूण करायची नाही, पंचवीस वर्षांत त्यांनी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता.

अर्धा तास झाला असेल, गंगेनं हात वर केला.

“काय गं?”

गंगा उभी राहिली. बोट प्रश्नावर ठेवलेलं. ‘आज गुरुवार आहे. परवा कोणता वार होता?’ तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मास्तर, हें घरचें परवां, काय शाळेचें?”

वर्गातल्या सगळ्या पेन्सिली थांबल्या. दारातून विनोदिनी बाईंनी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर म्हणाले, “शाळेचें.”

गंगा खाली बसली आणि तिनं लिहिलं, मंगळवार. मास्तर पाठ फिरवून खिडकीशी गेले आणि बराच वेळ नदीकडे बघत राहिले. नदीत बार्ज नव्हती.